प्रश्नोत्तरे : वैमानिकांची भरती आणि लॉगबुकातले तास

विमान कंपन्या वैमानिकाचा अनुभव कसा जोखतात, यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच मुद्द्याची पत्रे एकत्र केली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीला नुकताच व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला. तिचे २१५ तास झाले आहेत. काही कंपन्या २०० तासांवर अर्ज घेतात, काही १५०० मागतात. विमान तेच, प्रवासी तेवढेच. मग एवढी तफावत कशी?

कारण हे दोन आकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले आहेत. २०० हा परवान्याचा आकडा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, नियमांनुसार व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात. मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रम केला असेल तर १५०. हा परवाना, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (केवळ उपकरणांवर उडण्याची पात्रता) आणि त्या विमानाचे टाइप रेटिंग (त्या प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता) असले की बहुतेक देशांत जेटच्या उजव्या, म्हणजे को-पायलटच्या, सीटवर बसता येते. १५०० हा एटीपीएलचा, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या वरच्या परवान्याचा आकडा. अमेरिकेने २०१३ पासून तो को-पायलटलाही लावला. त्यात सवलत अशी की सैन्यातून आलेल्यांना ७५० आणि विमानचालनाची मान्य पदवी असलेल्यांना १००० तास पुरतात.

कायद्याच्या या किमान आकड्यावर कंपनी स्वतःचा आकडा चढवते. त्यात विमा कंपनीच्या अटी असतात, पण मोठा भाग असतो तो जोड्या लावण्याच्या गणिताचा. अमेरिकी नियमाचेच उदाहरण घ्या. कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, यांपैकी निदान एकाचे तरी त्या प्रकारच्या विमानावर प्रत्यक्ष सेवेतले ७५ तास झालेले असावे लागतात. दोघेही नवखे एकत्र बसवता येत नाहीत. फर्स्ट ऑफिसरचे असे १०० तास भरेपर्यंत ओली किंवा बर्फाळ धावपट्टी, १५ नॉटपेक्षा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जास्त आडवा वारा, कमी दृश्यमानता अशा प्रसंगी टेक-ऑफ आणि लँडिंग कॅप्टननेच करायचे असते. तेव्हा एका वेळी किती नवखे पोसता येतील, हे कंपनीकडे मुरलेले कॅप्टन आणि लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष सेवेतले प्रशिक्षण, देणारे प्रशिक्षक किती आहेत यावर ठरते. प्रशिक्षक कमी पडले की जाहिरातीतला आकडा वाढतो, कॅप्टन भराभर तयार झाले की उतरतो. उमेदवारांच्या लायकीत त्या वर्षात काही फरक पडलेला असतो असे नाही.

२१५ तासांवर तासांची स्पर्धा करताच येत नाही, कारण शेजारच्या अर्जातही २१५च असतात. तिथे बघतात ते परीक्षा पहिल्या प्रयत्नात सुटल्या का, परवाना किती काळात पूर्ण झाला, दोन-तीन वर्षांची खंडित टप्प्याटप्प्याची उड्डाणे आहेत की सलग, इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू आहे का आणि एमसीसी, म्हणजे दोघांनी मिळून विमान चालवण्याचा अभ्यासक्रम, झाला आहे का. एमसीसी झाला नसेल तर पुढचे पन्नास तास भाड्याच्या विमानात घिरट्या घालून वाढवण्यापेक्षा आधी तो करावा.

प्रश्न : मी फ्लाइंग इन्स्ट्रक्टर आहे. एकूण १४०० तास, त्यांतले १२५० पी-वन, म्हणजे विमानाचा प्रमुख वैमानिक म्हणून. माझ्याच ओळखीच्या ६०० तासांच्या को-पायलटला मुलाखतीला बोलावले आणि मला साधे उत्तरही नाही. त्याचे ३५० तास दोन इंजिनांच्या टर्बोप्रॉपवर (टर्बाइनने पंखे फिरवणाऱ्या विमानावर) आहेत, एवढाच फरक.

तो फरक ‘एवढाच’ नाही, नेमका तोच बघितला जातो. अर्जाच्या संगणकीय फॉर्ममध्ये ‘एकूण तास’ ही फक्त पहिली चौकट. तिच्याखाली पी-वन, बहुइंजिन, टर्बाइन, जेट, दोन वैमानिकांच्या विमानावरचे, इन्स्ट्रुमेंट, रात्रीचे, गेल्या बारा महिन्यांतले आणि गेल्या नव्वद दिवसांतले अशा चौकटी असतात. एखादीत शून्य आले तर बऱ्याच ठिकाणी अर्ज माणसाच्या हातात पोचतच नाही.

तुमचे १४०० तास आकड्याने भरघोस आहेत, पण ते कसे जमले आहेत ते पाहा. एका इंजिनाचे छोटे विमान, दिवसाउजेडी, स्वच्छ हवा, बराचसा वेळ सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांत, किंवा जवळच्या सराव क्षेत्रात. एटीपीएलसाठी आयकाओ एकूण १५०० बरोबरच २०० तास क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दुसरीकडे), ७५ तास इन्स्ट्रुमेंट आणि १०० तास रात्रीचे मागते. पुष्कळ इन्स्ट्रक्टर १५०० गाठतात आणि रात्रीच्या तासांवर अडतात. त्या ६०० तासांच्या को-पायलटने मात्र चेकलिस्ट दुसऱ्याला वाचून दाखवली आहे, ढगातून धावपट्टीकडे उतरत जाणारा अ‍ॅप्रोच केला आहे, वेळापत्रकाच्या दडपणाखाली डायव्हर्ट होण्याचा, म्हणजे दुसऱ्या विमानतळाकडे वळण्याचा, निर्णय जवळून पाहिला आहे. टाइप रेटिंगला तो ज्या गोष्टी अर्ध्या जाणतो, त्या तुम्हाला पहिल्यापासून शिकवाव्या लागतील, असा निवड करणाऱ्यांचा हिशेब असतो. सिम्युलेटरची जादा सत्रे म्हणजे जादा खर्च, आणि वेळापत्रकात एक माणूस उशिरा येणार.

आमच्या मते हा हिशेब इन्स्ट्रक्टरवर थोडा अन्यायच करतो. हजारभर तास विद्यार्थ्याच्या चुका उंची हातची जाण्याआधी ओळखणे आणि कंट्रोल कधी घ्यायचा, कधी नाही, हे ठरवणे हे कॅप्टनचेच काम आहे. पण ते कोणत्याच चौकटीत उमटत नाही. मुलाखतीत सांगितले तरच कळते, आणि मुलाखतीपर्यंत पोचायला चौकटी भराव्या लागतात. तेव्हा पुढचे शंभर तास निवडून घ्या. रात्रीच्या उड्डाणाचे विद्यार्थी मागून घ्या. इन्स्ट्रुमेंट शिकवण्याचे आणि बहुइंजिन शिकवण्याचे रेटिंग मिळवा; त्याने दोन्ही रकाने पी-वन म्हणून भरतात, शिवाय खर्च विद्यार्थ्याच्या तासातून निघतो. बहुइंजिनचे २५ तास असणे आणि १०० असणे यांत जेवढा फरक पडतो, तेवढा एकूण १४०० चे १८०० झाल्याने पडत नाही.

एक सावधगिरी. एकाच वैमानिकासाठी प्रमाणित केलेल्या विमानात उजवीकडे बसून तास जमवण्याचे ‘पॅकेज’ विकले जाते. अशा विमानात नियमानेच को-पायलट आवश्यक नसेल तर ते तास को-पायलट म्हणून धरले जात नाहीत. प्राधिकरणाने को-पायलट सक्तीचा केला असेल तरी वरच्या परवान्यासाठी आयकाओच्या नियमात जास्तीत जास्त निम्मे धरतात. पैसे भरण्याआधी त्या विमानाचे प्रमाणपत्र वाचा.

प्रश्न : सिम्युलेटरचे तास एकूणात मिळवायचे का?

अर्जात नाही. त्यांचा रकाना वेगळा. एटीपीएलच्या १५०० तासांत ठरावीक मर्यादेपर्यंत, आयकाओच्या नियमात १०० तासांपर्यंत, सिम्युलेटरला श्रेय मिळू शकते, पण ते परवाना देणाऱ्या खात्याचे बघणे झाले. कंपनी ‘एकूण उड्डाण’ विचारते तेव्हा तिला जमिनीवरून उचललेले विमान हवे असते. दोन्ही मिसळून लिहिलेला आकडा कागदपत्रांच्या तपासणीत उघडा पडतो.

प्रश्न : लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, खरेच कोणी पान न् पान तपासते का? कुठल्या गोष्टींवर बोट ठेवतात?

पान न् पान क्वचित. पण तपासणाऱ्याला कुठले पान उघडायचे ते माहीत असते.

पहिली नजर बेरजांवर. पानाखालची बेरीज पुढच्या पानावर नेताना झालेली चूक शेवटपर्यंत वाहत जाते. त्याहून जास्त सापडते ती मिनिटे आणि दशांश यांची गल्लत. १ तास २० मिनिटे म्हणजे १.३, ते १.२ लिहिले तर तुमचेच नुकसान, आणि १ तास ५ मिनिटांचे १.५ लिहिले तर पंचवीस मिनिटे हवेतून आली. शे-दोनशे नोंदींत अशी सवय दिसली की ती चूक वाटेनाशी होते.

दुसरी नजर वेळेच्या व्याख्येवर. विमानाच्या उड्डाणाची वेळ म्हणजे टेक-ऑफसाठी ते प्रथम हलले तिथपासून उड्डाण संपून थांबेपर्यंत. छोट्या विमानात मास्टर स्विच लावल्यापासून किंवा इंजिन सुरू झाल्यापासून धावणारे मीटर असते. तो आकडा जसाच्या तसा उतरवला की जागेवर उभे राहून इंजिन तापवल्याची मिनिटेही उड्डाणात जातात. रात्र सूर्यास्तापासून सुरू होत नाही, संधिप्रकाश संपल्यावर, सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेल्यावर होते. म्हणून सूर्यास्तानंतर दहा मिनिटांनी उतरलेल्या विमानाच्या नावे ‘रात्र ०.४’ दिसले की तपासनीस बाकीच्या रात्रीही बघायला घेतो. तसेच इन्स्ट्रुमेंटचे. इन्स्ट्रुमेंट नियमांखाली नोंदवलेले उड्डाण आणि बाहेरचे काहीही न बघता केवळ उपकरणांवर उडवलेला वेळ हे दोन वेगळे आकडे आहेत. स्वच्छ आकाशातल्या दोन तासांच्या सेक्टरला (एका टेक-ऑफपासून लँडिंगपर्यंतच्या उड्डाणाला) पूर्ण दोन तास ‘इन्स्ट्रुमेंट’ लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

तिसरी नजर शक्यतेवर. व्यावसायिक उड्डाणाला वर्षाची कमाल मर्यादा असते. युरोपात कॅलेंडर वर्षाला ९००, अमेरिकेत १०००. नोकरीतल्या एका वर्षात ११५० तास दिसले की पुढचे प्रश्न ठरलेलेच. एकाच उड्डाणाचे पी-वन दोघांनी लिहिलेले, त्या तारखेला दुरुस्तीत असलेले विमान, त्या मोसमात धुक्याने बंद पडणाऱ्या विमानतळावर सकाळी सहाचे टेक-ऑफ, हे सगळे विमानाच्या टेक-लॉगशी (तांत्रिक नोंदवहीशी) आणि क्लबच्या नोंदवहीशी ताडून बघता येते, आणि शंका आली तर बघतातच. नुसत्या पेनाने वाढवलेल्या या तासांना वैमानिकांत ‘पार्कर पेनचे तास’ म्हणतात. विनोद जुना आहे, पण त्यापायी परवाना रद्द होतो तेव्हा कुणी हसत नाही.

चूक सापडली तर खाडाखोड करू नका, व्हाइटनर तर नाहीच. मूळ आकडा वाचता येईल अशी एक रेघ, शेजारी दुरुस्ती, सही, तारीख. मुलाखतीआधी सगळ्या बेरजा एकदा नव्याने करून, फरक असेल तर शेवटच्या पानावर दुरुस्तीची नोंद करून अर्जात दुरुस्त आकडा लिहावा. अर्ज आणि लॉगबुक यांतली तफावत स्वतःहून सांगितली तर दोन मिनिटांत मिटते.

प्रश्न : मी लांब पल्ल्याच्या जेटवर आठ वर्षे फर्स्ट ऑफिसर आहे, ५८०० तास. दुसऱ्या कंपनीने थेट कॅप्टन म्हणून घ्यायला नकार दिला, पण ४५०० तासांच्या छोट्या पल्ल्याच्या माणसाला घेतले.

तासांऐवजी सेक्टर मोजा. तेरा तासांच्या उड्डाणाने वर्षाचे ८०० तास भरायला साधारण ६० सेक्टर पुरतात. कॉकपिटमध्ये चार वैमानिक आणि लँडिंग एक. समान वाटणी झाली तरी तुमच्या वाट्याला वर्षाला पंधरा. तेच ८०० तास दीड-दोन तासांच्या सेक्टरने भरणारा साडेचारशेच्या आसपास उड्डाणे करतो आणि त्यांतली निम्मी लँडिंग त्याची असतात. बंकमध्ये विश्रांतीत गेलेला वेळही तुम्ही एकूणात धरला असेल तर मुलाखतीत ते नक्की विचारतील.

थेट कॅप्टनच्या जाहिरातीत मुख्य अट बहुधा ‘जेटवर कमांडचे, म्हणजे कॅप्टन म्हणून केलेले, अमुक तास’ ही असते, आणि देखरेखीखालची कमांड तीत धरतात का हे कंपनीगणिक बदलते. विमानाचे कमाल वजनही बघतात. कमांड छोट्या बिझनेस जेटवरची असली तर काही ठिकाणी ती अट पुरी झाल्याचे मानत नाहीत. ज्येष्ठतेच्या यादीने चालणाऱ्या कंपन्यांत थेट कॅप्टन घेतच नाहीत. तिथे वीस वर्षांचा कॅप्टनही रुजू झालेल्या तारखेनुसार यादीच्या तळाशी, उजव्या सीटवर. तुमच्यासाठी सरळ मार्ग म्हणजे आहे त्याच कंपनीत छोट्या पल्ल्याच्या ताफ्यावर बदली मागून कमांड तिथे घेणे.

प्रश्न : सिम्युलेटरच्या चाचणीत चांगले मुरलेले वैमानिक नापास होतात म्हणे. ते कसे?

होतात, आणि बहुधा दोन कारणांनी.

चाचणी साधारण तास-दीड तासाची. टेक-ऑफ, ४५ अंश कलून वळणे, वेगबदल, होल्ड (ठरावीक जागी घिरट्या), आणि मग फ्लाइट डायरेक्टर (विमान कसे न्यायचे ते पडद्यावर रेषांनी दाखवणारे साधन), ऑटोपायलट, ऑटोथ्रॉटल सगळे बंद ठेवून हाताने आयएलएस, म्हणजे धावपट्टीच्या रेडिओ संकेतांवरून उतरणे. शेवटी गो-अराउंड, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चढणे, कधी एक इंजिन बंद ठेवून. परवान्याच्या चाचणीत उंची १०० फुटांच्या आत धरायची असते, इथेही साधारण तोच मापदंड. आता हजारो तास जेटवर काढलेल्या माणसाने प्रत्येक सेक्टरला टेक-ऑफनंतरची आणि उतरण्याआधीची काही मिनिटेच हाताने उडवलेले असते, तेही फ्लाइट डायरेक्टरच्या रेषा बघत. त्या रेषा गेल्या की नजर एकाच उपकरणावर खिळते. लोकलायझरची, म्हणजे धावपट्टीची मधली रेषा दाखवणारी, सुई सरकली की तो मोठे वळण घेतो, सुई पलीकडे जाते, मग उलट मोठे वळण. तोवर वेग दहा नॉटनी पडलेला असतो. जेटचे इंजिन आयडलवरून (किमान गतीवरून) जोर धरायला काही सेकंद घेते, म्हणून तो थ्रॉटल जास्त पुढे नेतो, आणि वेग वर निघून जातो.

यावर उपाय आकडे पाठ असण्याचा. विमानाचे पिच (नाकाचा कोन) आणि पॉवरचे तक्ते बहुतेक कंपन्या आधी पाठवतात. समतल उड्डाण, उतार आणि अ‍ॅप्रोच यांचे चार-पाच आकडे तोंडपाठ हवेत. आधी तो पिच आणि ती पॉवर लावायची, मग सुई बघून अंशाअंशाने दुरुस्ती. ३ अंशांच्या ग्लाइड स्लोपवर (उतरण्याच्या तिरक्या वाटेवर) जमिनीवरच्या वेगाची पाचपट केली की उतरण्याचा दर मिळतो: १४० नॉटला मिनिटाला ७०० फूट. उतरायला सुरुवात कुठे करायची त्यासाठी हजार फुटांना तीन सागरी मैल. हे दोन हिशेब डोक्यात असले की परीक्षकाशी बोलायला मेंदूत जागा उरते.

दुसरे कारण बोलण्याचे. शेजारी बसलेला उमेदवार हा प्रतिस्पर्धी समजून काही जण सगळे स्वतःच करतात. चाचणीत तो तुमचा को-पायलट आहे. त्याला काम न देणे हा त्रुटींमध्ये लिहिला जाणारा मुद्दा आहे. अ‍ॅप्रोच अस्थिर झाला तर गो-अराउंड करावा. ढगांत १००० फुटांवर आणि स्वच्छ हवेत ५०० फुटांवर वेग, उतरण्याचा दर, फ्लॅप, गिअर सगळे ठरल्याप्रमाणे नसेल तर पुढे जायचे नाही, हा उद्योगात सर्वमान्य निकष आहे. ओढूनताणून केलेल्या लँडिंगपेक्षा वेळेवर ‘गो-अराउंड’ म्हणणाऱ्याला जास्त गुण मिळतात. तेवढ्या वेळात परीक्षक तुमची हातोटी फारशी मोजत नाही; पहिल्या चुकीनंतर दुसरा प्रयत्न सुधारतो का, हे बघतो. सुधारणारा माणूस टाइप रेटिंगला ठरलेल्या सत्रांत पार पडतो.

प्रश्न : दोन वर्षे उड्डाण बंद आहे. जुने ३००० तास वाया गेले का?

वाया नाहीत, पण गंजले आहेत असे धरतात. प्रवाशांसह उडायला त्याच प्रकारच्या विमानावर ९० दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग लागतात, म्हणून ‘गेल्या १२ महिन्यांतले तास’ ही चौकट चाळणी लावते. मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग आधी चालू करा. मग सिम्युलेटरची दोन-तीन सत्रे अर्जापूर्वीच्या महिन्यात घ्या. सहा महिने आधी घेतलेली उपयोगाची नाहीत. अर्जात खंडाचे कारण एका ओळीत लिहा, लांबण नको.

प्रश्न : इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या चाचणीत एकदा नापास झालो होतो. नऊ वर्षे झाली. विचारले नाही तर सांगायचे का?

फॉर्ममध्ये ‘कधीही कोणत्या चाचणीत अनुत्तीर्ण’ असा प्रश्न बहुधा असतो. असेल तर पूर्ण आणि तारखेसह लिहा. ही काळजी का, ते २००९ च्या अपघातावरून कळते. १२ फेब्रुवारीला अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचे टर्बोप्रॉप स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल तुटून, कोसळले. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक जण दगावला. स्टॉलचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने कंट्रोल पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला होता. या कॅप्टनचे ३३७९ तास होते आणि फर्स्ट ऑफिसरचे २२४४. म्हणजे या अपघातानंतर आलेली १५०० तासांची अट दोघांनीही कधीच ओलांडली होती! तपासात मात्र हे निघाले की कॅप्टन पूर्वी एकाहून अधिक चाचण्यांत अनुत्तीर्ण झाला होता आणि ते सगळे कंपनीला माहीत नव्हते. त्यातूनच वैमानिकाचे निकाल एका जागी ठेवणारी नोंदप्रणाली तिथे उभी राहिली. तिचा अंतिम नियम २०२१ साली आला.

आता व्यवहाराचे. नऊ वर्षांपूर्वीचे एक नापास कुणालाही फारसे खटकत नाही. खटकतो तो सलगपणा: एकाच प्रकारच्या चाचणीत दोन-तीनदा, किंवा नोकरीतल्या वार्षिक चाचणीत अलीकडे. मुलाखतीत तीन वाक्ये पुरतात. काय चुकले, उदाहरणार्थ होल्डची एन्ट्री चुकली आणि ती सुधारताना उंची २०० फुटांनी गेली; पुन्हा चाचणीआधी नेमका कसला आणि किती सराव केला; त्यानंतरच्या चाचण्यांचे निकाल काय. परीक्षकाला किंवा हवेला दोष देऊ नका. आणि त्या चाचणीचा कागद सोबत ठेवा, तारीख विचारतात.